एका हिटची किंमत

१९९३ च्या जून महिन्यात, जपानच्या निइगाता प्रांतातल्या नागाओका शहरी, एकोणीस वर्षांच्या एका डावखुऱ्या पोराने हिदेओ नोमोच्या चेंडूवर होमरन मारला. नोमो तेव्हा जपानमधल्या सर्वांत भेदक पिचरांपैकी एक होता आणि दोनच वर्षांनी अमेरिकेत जाऊन तो तिथल्या फलंदाजांनाही जेरीस आणणार होता. पोराचा व्यावसायिक बेसबॉलमधला हा पहिलाच होमरन. ओरिक्स ब्लूवेव्ह या त्याच्या संघाचे मॅनेजर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्य प्रशिक्षक, होते शोझो दोई. त्यांनी त्याला लवकरच परत दुय्यम संघात धाडलं. त्यांची तक्रार निकालाबद्दल नव्हती, पवित्र्याबद्दल होती. चेंडू येत असताना हा मुलगा पुढचा, म्हणजे उजवा, पाय लंबकासारखा आत ओढायचा, मग पुढे टाकायचा आणि सगळं वजन पुढे झोकून देत फटका मारायचा. मुख्य संघात खेळायचं तर हे झुलणं बंद कर, असं दोई यांचं म्हणणं होतं. त्याने ते बंद केलं नाही. पुढच्याच मोसमात त्याच पायाच्या जोरावर त्याने १३० सामन्यांत २१० हिट्स मारल्या. त्याआधी जपानी लीगमध्ये कोणीही एका मोसमात दोनशेचा टप्पा गाठला नव्हता.

हे पुस्तक त्या मुलाच्या, इचिरो सुझुकीच्या, चढणीबद्दल आहे. चढणीच्या गोष्टी आपल्याकडे भरपूर लिहिल्या जातात आणि बहुतेकींचा साचा ठरलेला असतो: गरिबी किंवा तिच्या जवळपासचं काही, कडक बाप, पहाटेचा सराव, अपमान, यश. इचिरोच्या आयुष्यात यातलं पुष्कळसं सापडतं आणि तो साचा वापरायचा मोह होतो. पण मला त्याच्याबद्दल लिहावंसं वाटलं ते वेगळ्या कारणासाठी. त्याच्या खेळाची किंमत किती, यावर तीस वर्षं भांडण चाललं. जपानमध्ये त्याची पद्धत चुकीची ठरवली गेली. अमेरिकेत त्याची शैली जुनाट ठरवली गेली. आकडेवाल्यांनी त्याचं मोल कमी ठरवलं. आणि या तिन्ही न्यायालयांसमोर तो तसाच, पाय झुलवत, हिट्स मारत राहिला. चांगला फलंदाज कोणाला म्हणायचं हा बेसबॉलमधला सगळ्यात जुना वाद आहे आणि इचिरोच्या कारकिर्दीइतका तो दुसरीकडे क्वचितच उघडा पडतो.

क्रिकेटवर पोसलेल्या वाचकासाठी थोडं मैदान आखून देतो. पिचर ज्या पट्टीवर पाय टेकून चेंडू टाकतो, तिथून फलंदाजासमोरची होम प्लेट १८.४४ मीटरवर असते. टप्पा नाही. ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू हातातून सुटल्यापासून जेमतेम ०.४ सेकंदात पोहोचतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक वेळ तो ओळखण्यात आणि ठरवण्यातच जातो. बॅट गोल, सर्वांत जाड जागी ६.६ सेंटीमीटर. मैदान फक्त समोरचा काटकोन. मागे किंवा कडेला गेलेला चेंडू फाउल, त्यामुळे लेट कट आणि ग्लान्स यांना इथे कवडीची किंमत नाही. चेंडू त्या काटकोनात गेला की धावायलाच हवं. साडेसत्तावीस मीटरवर पहिला बेस. झेल न देता, क्षेत्ररक्षकाचा चेंडू तिथे पोहोचण्याआधी आपण पोहोचलो तर ढोबळमानाने ती एक हिट. हे जो दहा संधींत तीनदा करतो, त्याची सरासरी ०.३०० आणि तो उत्तम फलंदाज. आपली सरासरी बाद होण्यामागे किती धावा हे सांगते. ही सरासरी संधींमागे किती हिट्स एवढंच सांगते. हिट एका बेसची की होमरन, म्हणजे बहुधा कुंपणापार गेलेल्या फटक्यावर चारही बेस, हे ती विचारत नाही. शिवाय न मारता सोडलेले चार चेंडू फलंदाजासमोरच्या ठरीव पट्ट्याबाहेर (स्ट्राइक झोनबाहेर) गेले तर फलंदाज चालत पहिल्या बेसवर जातो. तो तिथे पोहोचतो, संघाला फायदा होतो, पण ती हिट धरत नाहीत आणि सरासरीच्या हिशेबातही घेत नाहीत. ही बारीकशी तरतूद लक्षात ठेवावी. पुढे तिच्यावरून रणं माजणार आहेत.

फलंदाजीच्या पहिल्या घराण्याला मी जागा शोधणाऱ्यांचं घराणं म्हणतो. १८९३ साली पिचरचं अंतर आजच्याइतकं झालं. तेव्हाचा चेंडू मऊ होता, सामनाभर तोच चालायचा, मळून काळा व्हायचा. असा चेंडू लांब जाण्याची शक्यता कमी, म्हणून शहाणा फलंदाज बॅट वरच्या बाजूला धरून क्षेत्ररक्षकांच्या मधली फट हेरायचा. बॉल्टिमोरचा विली कीलर त्यातला मेरुमणी. अंगाने इतका लहान की आज निवडकर्त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. त्याने १८९४ पासून ओळीने आठ मोसम दोनशेहून अधिक हिट्स मारल्या. त्याच्या मागून आलेल्या टाय कॉबने या शैलीत आक्रमकता मिसळली. दोन हातांत अंतर ठेवून बॅट धरणं, मुद्दाम जवळ मारणं, बेस चोरणं (म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच पुढच्या बेसकडे पळणं), समोरच्याला बेजार करणं.

मग १९२० उजाडलं. चेंडूला थुंकी लावण्यावर बंदी आली. त्याच ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला डोक्यावर चेंडू बसून रे चॅपमन हा खेळाडू दगावला आणि त्यानंतर मळका चेंडू बदलून पांढरा देण्याकडे पंचांचं लक्ष वाढलं. त्याच मोसमात बेब रूथने ५४ होमरन मारले. मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगमधल्या दुसऱ्या एकाही अख्ख्या संघाला तेवढे जमले नाहीत. लोक वेडे झाले, ते साहजिकच होतं. पण त्याच वर्षी, त्याच लीगमध्ये, सेंट लुईसच्या जॉर्ज सिस्लरने १५४ सामन्यांच्या मोसमात २५७ हिट्स मारल्या, ०.४०७ च्या सरासरीने. रूथच्या आवाजात हा पराक्रम बुडून गेला. कीलर-कॉबचं घराणं शिखरावर पोहोचलं आणि त्याच मोसमात त्याची सद्दी संपली. हा योगायोग मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो. एका मोसमातल्या सर्वाधिक हिट्सचा सिस्लरचा विक्रम ८४ वर्षं कोणी मोडला नाही, याचं एक कारण असं की तो मोडावासा फार जणांना वाटलाच नाही.

रूथनंतर प्रश्न उरला तो ताकदीने कसं मारायचं याचा. टेड विल्यम्सने त्याला उत्तर दिलं. १९४१ च्या शेवटच्या दिवशी त्याची सरासरी तीन दशांशांपर्यंत धरली तर ०.४०० भरत होती. तो बसून राहू शकला असता. तो दोन्ही सामने खेळला, आठांत सहा हिट्स मारल्या आणि ०.४०६ वर थांबला. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगच्या पूर्ण मोसमात चारशेचा आकडा कोणाला दिसलेला नाही. १९७० साली त्याने फलंदाजीच्या शास्त्रावर पुस्तक लिहिलं. त्यात समोरच्या पट्ट्याचे ७७ भाग पाडून कुठल्या भागातल्या चेंडूवर आपली सरासरी किती असेल हे रंगवून दाखवलं आहे. मथितार्थ असा की चांगल्या चेंडूची वाट पाहा, कंबर फिरवा, बॅट किंचित वरच्या दिशेने न्या. दहा वर्षांनी चार्ली लाऊ या प्रशिक्षकाने जवळजवळ उलटं सांगितलं: वजन मागून पुढे येऊ द्या, मैदानभर मारा. त्याचा शिष्य जॉर्ज ब्रेट १९८० मध्ये ०.३९० पर्यंत गेला. कंबरवाले आणि वजनवाले यांचं वैर अमेरिकेतल्या शाळांच्या मैदानांवर अजून चालू आहे. इचिरोला कोणत्या गटात टाकायचं? ढोबळमानाने दुसऱ्या. पण त्याने हे लाऊकडून घेतलेलं नव्हतं. त्यासाठी जपानकडे वळायला हवं.

जपानमध्ये बेसबॉल १८७२ च्या सुमारास होरेस विल्सन नावाच्या अमेरिकन शिक्षकाने नेला. तो तिथे रुजला तो शाळा-कॉलेजांत. हायकूला आधुनिक रूप देणारा कवी मासाओका शिकी तरुणपणी त्यात इतका रमला होता की त्याला पुढे, २००२ मध्ये, जपानच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. १८९६ साली टोकियोच्या एका सरकारी विद्यालयाच्या मुलांनी योकोहामातल्या परदेशी मंडळींच्या क्लबला २९–४ असं धुतलं. पाश्चात्त्यांनी लादलेल्या असमान तहांनी दुखावलेल्या देशात ही केवळ खेळाची बातमी नव्हती. तेव्हापासून या खेळाला शिस्तीचं आणि चारित्र्याचं ओझं चिकटलं. वासेदा विद्यापीठाच्या तोबिता सुइशू यांनी त्याला तत्त्वज्ञानाचं रूप दिलं: अंग मोडेपर्यंत सराव, आणि त्या सरावातून आत्मशुद्धी. १९१५ पासून चालत आलेली आणि पुढे कोशिएनच्या मैदानावर गेलेली शालेय स्पर्धा या विचाराची जत्राच म्हणायची.

त्या विचाराने जपानला जे दिलं त्यात सादाहारू ओ सर्वांत वर. १९५९ मध्ये तो पिचर म्हणून योमिउरी जायंट्समध्ये आला, फलंदाज झाला आणि तीन वर्षं चाचपडला. १९६२ मध्ये प्रशिक्षक हिरोशी आराकावा यांनी त्याला पुढचा पाय उचलून बगळ्यागत एका पायावर उभं केलं. तोल यावा म्हणून त्याला आयकिदोच्या गुरूकडे नेलं, मनगट यावं म्हणून तलवार घेऊन टांगलेले कागद कापायला लावलं. ओने ८६८ होमरन मारले. आपल्याला इथे दोन गोष्टी टिपायच्या आहेत. एक, विचित्र पवित्र्याला जपानमध्ये मान्यता होती, पण गुरूने दिलेला असेल तरच. दुसरी, पाय उचलून वेळ साधण्याची युक्ती जपानी फलंदाजीत इचिरोच्या आधीपासून मुरलेली होती. इचिरोने ती होमरनसाठी वापरली नाही. फटका मारता मारताच धावायला सुरुवात व्हावी म्हणून वापरली. डावखुरा फलंदाज पहिल्या बेसला तसाही पाऊलभर जवळ. त्यात वजन आधीच पुढे गेलेलं. चेंडू बॅटला लागतो तेव्हा त्याचं पहिलं पाऊल जवळजवळ पडलेलं असायचं आणि चार सेकंदांच्या आत तो बेसवर असायचा. दुसऱ्या कोणाचा जो चेंडू सहज बाद ठरला असता, तो त्याच्यासाठी हिट.

आता बापाबद्दल. नागोयाजवळच्या तोयोयामा या छोट्या गावात नोबुयुकी सुझुकी यांनी मुलाला प्राथमिक शाळेत असल्यापासून रोज मैदानावर नेलं, संध्याकाळी विमानतळाजवळच्या बॅटिंग सेंटरमध्ये यंत्रासमोर उभं केलं. मुळात उजव्या हाताच्या मुलाला डावखुरा फलंदाज केलं. सहावीतल्या इचिरोच्या निबंधात तो वर्षातले ३६० दिवस कसून सराव करतो आणि व्यावसायिक खेळाडू होणार आहे, असं लिहिलेलं आहे; तो निबंध जपानमध्ये पाठ्यपुस्तकासारखा मिरवला जातो. हे ऐकून आपल्याकडच्या क्लासच्या फाटकाबाहेर स्कूटरवर बसून राहणाऱ्या पालकांना भरून येईल. त्यांनी पुढचंही ऐकावं. इचिरो मोठा झाल्यावर या सरावाबद्दल बोलला तेव्हा त्याच्या बोलण्यात कृतज्ञतेपेक्षा त्रास जास्त होता; ते सगळं छळाच्या काठावर होतं, असा त्याचा सूर होता. बापलेकांत पुढे दुरावा आला. या पुस्तकात नोबुयुकी आहेत, त्यांच्या वाट्याचं श्रेयही आहे. पण बापाने घडवलेला हिरा अशी ही कहाणी मी रचलेली नाही. तसं मानलं तर अडचण अशी होते की त्याच प्रकारचा सराव केलेली, त्याच प्रकारचे बाप असलेली हजारो मुलं कोशिएनपर्यंतही पोहोचली नाहीत. आइकोदाई मेइदेन शाळेकडून इचिरो स्वतः दोनदा तिथे पोहोचला आणि दोन्हीदा पहिल्याच सामन्यात परतला. १९९१ च्या निवडीत ओरिक्सने त्याला उचललं ते चौथ्या फेरीत. तोवर त्याचं भवितव्य फार कोणाला दिसलं नव्हतं.

माझ्या मते त्याच्या चढणीतले निर्णायक लोक दोन, आणि दोघांचंही मोठेपण त्यांनी काय केलं नाही यात आहे. एक, दुय्यम संघातले फलंदाजी प्रशिक्षक केनइचिरो कावामुरा. त्यांनी तो झुलता पाय मोडून काढण्याऐवजी त्याच्याबरोबर बसून घासूनपुसून घेतला. दुसरे अकिरा ओगी, १९९४ मध्ये दोई यांच्या जागी आलेले मॅनेजर. ओगी याआधी किन्तेत्सु संघात असताना नोमो तिथे आला होता. नोमोची पाठ पूर्ण वळवून चेंडू टाकण्याची तऱ्हाही पुस्तकी प्रशिक्षकांना खटकणारी. ओगींनी तिला हात लावला नव्हता. इचिरोलाही त्यांनी पहिल्या दिवसापासून खेळवलं, आणि सुझुकी हे आडनाव जपानमध्ये पैशाला पासरी म्हणून जर्सीवर फक्त ‘इचिरो’ लिहून घेतलं. त्या वर्षी त्याची सरासरी ०.३८५. तिथून ओळीने सात वर्षं, २००० पर्यंत, ओरिक्स खेळत असलेल्या पॅसिफिक लीगमधला सर्वोत्तम सरासरीचा मान त्याच्याकडेच राहिला.

मधल्या काळात एक गोष्ट घडली. तिचा खेळाशी थेट संबंध नाही, पण तिच्यावाचून इचिरो जपानला काय वाटतो हे कळत नाही. १७ जानेवारी १९९५ ला पहाटे भूकंपाने कोबे शहर मोडलं. सहा हजारांहून अधिक माणसं गेली. ओरिक्स हा कोबेचा संघ. घरचे सामने दुसरीकडे न्यावेत का अशी चर्चा झाली आणि ते कोबेतच ठेवले गेले. खेळाडूंच्या बाहीवर ‘गानबारो कोबे’ असं लिहिलं होतं. कोबे, हिंमत धर, असा त्याचा भाव. त्या वर्षी संघाने लीग जिंकली, पुढल्या वर्षी योमिउरी जायंट्सना हरवून जपान सिरीज, म्हणजे देशाचं विजेतेपद. खेळ शहर सावरतो असल्या मोठ्या विधानांवर माझा फारसा विश्वास नाही. पण त्या दोन वर्षांत ज्या मुलांनी मैदानावर जाऊन इचिरोची ५१ क्रमांकाची पाठ पाहिली, त्यांच्याशी हा वाद घालायची माझी तयारी नाही.

२००० च्या अखेरीस सिॲटल मरिनर्सने फक्त त्याच्याशी बोलणी करण्याच्या हक्कासाठी ओरिक्सला १ कोटी ३१ लाख डॉलर मोजले. मरिनर्सची मालकी तेव्हा निन्तेंदोच्या हिरोशी यामाउची यांच्याकडे होती. निन्तेंदोची अमेरिकन कचेरी सिॲटलजवळच्या रेडमंडमध्ये, जिथे आज कितीतरी मराठी घरं सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांनी वसली आहेत. त्यांच्या मुलांच्या खोलीत ५१ क्रमांकाची जर्सी टांगलेली असेल तर या पुस्तकातला काही भाग त्यांनी आईबापांना समजावून सांगावा.

त्याआधी मासानोरी मुराकामी आणि नोमो असे जपानी पिचर अमेरिकेत खेळले होते. फलंदाज कोणी टिकेल, यावर मात्र विश्वास नव्हता. बारीक अंग, एकेरी हिट्स, अमेरिकन वेग सोसणार कसा? सरावाच्या सामन्यांत तो सतत डावीकडे चेंडू ढकलत राहिला तेव्हा मॅनेजर लू पिनिएला यांनाही शंका आली की याला उजवीकडे खेचून मारता येतं की नाही. मोसम संपला तेव्हा उत्तर असं होतं: २४२ हिट्स, ०.३५० सरासरी, ५६ चोरलेले बेस. पदार्पणाच्या वर्षीच तो सर्वोत्तम नवा खेळाडूही ठरला आणि सर्वोत्तम खेळाडूही; हे त्याआधी फक्त एकदा, १९७५ साली, फ्रेड लिनच्या बाबतीत घडलं होतं.

वाद इथूनच पेटला. २००१ साली नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू होता बॅरी बाँड्स, ७३ होमरन मारून. अमेरिकन लीगचा इचिरो, आठ होमरन मारून. त्याच्यामागे अगदी थोड्या मतांनी राहिला ओकलंडचा जेसन जियाम्बी. त्याचे होमरन ३८, आणि दर शंभर संधींत जवळपास ४८ वेळा तो या ना त्या मार्गाने बेसवर पोहोचत होता. इचिरो ३८ वेळा. आकड्यांनी बेसबॉल तपासणाऱ्या बिल जेम्सच्या शिकवणीतून आलेले आकडेवाले चवताळले. त्यांचं म्हणणं रास्त होतं: संघाला धावा हव्यात, धावांसाठी बेसवर माणूस हवा, तो हिट मारून पोहोचला की चार चेंडू सोडून, याने काय फरक पडतो? मायकेल लुईसचं ‘मनीबॉल’ २००३ मध्ये आलं आणि हा विचार घराघरांत गेला. ते पुस्तक ओकलंडबद्दल आहे, हे ओघाने आलंच. चार चेंडूंवर चालत जाणं इचिरोला फारसं रुचत नसे. तो पट्ट्याबाहेरच्या चेंडूंवरही बॅट घालायचा आणि पुष्कळदा हिट काढायचा.

२००४ मध्ये त्याने सिस्लरला मागे टाकलं. १ ऑक्टोबरच्या रात्री सिॲटलमध्ये, सिस्लरच्या कुटुंबीयांच्या साक्षीने. मोसमाअखेर २६२ हिट्स, त्यांतल्या २२५ एका बेसच्या. त्याच मोसमात मरिनर्स ९९ सामने हरले. हरणाऱ्या संघात स्वतःचे आकडे जमवणारा, अशी कुजबुज झाली. ती ड्रेसिंग रूममध्येही पोहोचली. काही वर्षांनी ऑल-स्टार सामन्यासाठी सेंट लुईसला गेला असता तो सिस्लरच्या कबरीवर फुलं ठेवून आला. कीलरची आठ वर्षांची साखळीही त्याने मोडली. दहा वर्षं ओळीने दोनशेहून अधिक हिट्स, २००१ ते २०१०.

माझं मत लपवून ठेवत नाही. निव्वळ धावांच्या हिशेबात आकडेवाले बव्हंशी बरोबर होते. त्या दशकात इचिरोपेक्षा जास्त धावा घडवणारे फलंदाज अनेक होते. पण हा हिशेब फक्त बॅटचा. उजव्या कोपऱ्यातलं त्याचं क्षेत्ररक्षण, तिथून तिसऱ्या बेसपर्यंत सपाट जाणारी फेक, बेसांमधला वेग, हे धरलं की त्याचं पारडं बरंच जड होतं, आणि हे धरायची साधनं त्याच आकडेवाल्यांनी पुढे तयार केली. म्हणजे त्यांच्याच शास्त्राने त्यांचा पहिला निकाल थोडा दुरुस्त केला. ही गंमत जपानी शिस्तीच्या गोडव्यांत हरवते आणि अमेरिकन तक्त्यांतही.

इचिरोवर लिहिणाऱ्यांतही दोन तट आहेत. रॉबर्ट व्हायटिंगसारखे जपानमध्ये राहिलेले पत्रकार तिथल्या बेसबॉलमध्ये सामुराई परंपरेचा धागा पाहतात आणि इचिरोला त्या परंपरेचं फळही मानतात, बंडही. विल्यम केली यांच्यासारखे मानववंशशास्त्रज्ञ म्हणतात की सामुराई बेसबॉल हा बराचसा पोशाखी प्रकार आहे. संघ, मालक, वृत्तपत्रं आणि काळ पाहा, मग एकेका संघाची वेगळी संस्कृती दिसते. मी केलींकडे झुकतो. व्हायटिंग यांची पुस्तकं वाचायला अधिक मजेदार आहेत, हेही मान्य.

हे सगळं आत्ता मराठीत का? काही कारणं योगायोगाची. जानेवारी २०२५ मध्ये इचिरो अमेरिकेच्या हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेला. ३९४ पैकी ३९३ मतं. शोहेई ओतानीमुळे जपानी खेळाडूकडे पाहण्याची अमेरिकेची नजर पार बदलली आहे, आणि ओतानी ज्या दारातून आत गेला ते फलंदाजांसाठी कोणी उघडलं हे विसरलं जात आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनाने २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत क्रिकेट घेतलं. त्याच ठरावात बेसबॉलही परत आला. तेव्हा आपला वाचक क्रिकेटसाठी टीव्ही लावेल आणि शेजारच्या वाहिनीवर हा दुसरा खेळ चाललेला असेल.

पण खरं कारण मैदानावरचं. २०१५ पासून प्रत्येक फटक्याचा वेग आणि कोन यंत्रं मोजू लागली. फलंदाजांना कळलं की चेंडू वर उचलणं फायद्याचं. होमरन वाढले, बाद होणं वाढलं, २०२२ मध्ये सगळ्या लीगची मिळून सरासरी ०.२४३ वर घसरली. मधला खेळ, धावपळ, फेकी, चोरलेले बेस आटत चालले. २०२३ मध्ये नियम बदलावे लागले: क्षेत्ररक्षकांना एका बाजूला गर्दी करायला बंदी, बेस मोठे, पिचरला घड्याळ. बदल कोणाला उपयोगी पडावेत म्हणून केले हे उघड आहे. एकेरी हिट्स मारणाऱ्या, पळणाऱ्या माणसाला. लुईस अराएझ हा तसाच फलंदाज २०२२, २०२३ आणि २०२४ अशी तीन वर्षं तीन वेगवेगळ्या संघांकडून सर्वोत्तम सरासरी मिळवतो आणि तरी त्याची खरी किंमत किती यावर तेच जुने दोन तट पडतात. टी-ट्वेंटीत सिक्सरची किंमत आणि धावून काढलेल्या दोनची किंमत यांवर आपल्याकडे जे बोललं जातं, त्याला हा वाद अगदीच परका नाही.

पुस्तकाचा मोठा भाग तोयोयामापासून २००४ च्या त्या रात्रीपर्यंतचा आहे. त्यानंतरची पंधरा वर्षं, यांकीज, मायामी, कोलोराडोत तीन बेसच्या फटक्याने गाठलेली तीन हजारावी हिट, मार्च २०१९ मध्ये टोकियो डोमला घेतलेला निरोप, हे सगळं आटोपशीर आहे. उताराच्याही गोष्टी असतात, पण त्या लिहायला वेगळा लेखक लागतो. २००९ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकचा अंतिम सामना मात्र सविस्तर घेतला आहे; अख्खी स्पर्धा चाचपडलेला इचिरो दहाव्या डावात कोरियाविरुद्ध दोन धावा घडवणारी हिट मारतो, आणि त्यानंतर काही दिवसांतच त्याला पोटाचा अल्सर झाल्याचं निष्पन्न होतं. मिझुनोच्या कारागिराने घडवलेल्या काळ्या बॅटी, त्या ओल धरू नयेत म्हणून नेल्या जाणाऱ्या पेट्या, रोजचे ताणाचे व्यायाम यांना एक प्रकरण दिलं आहे, तेही त्यांतून यशाची कृती निघत नाही हे दाखवण्यासाठी. त्याच्या दिनक्रमाची नक्कल करू पाहणारे खेळाडू बरेच झाले.

हिट, बेस, पिचर, होमरन हे शब्द तसेच ठेवले आहेत. आकड्यांबाबत एकच पथ्य पाळलं आहे. २०१६ च्या जूनमध्ये जपान आणि अमेरिका मिळून इचिरोच्या हिट्स मेजर लीगमधल्या सर्वाधिक हिट्सचा विक्रम असलेल्या पीट रोझच्या ४,२५६ च्या पुढे गेल्या. रोझ नाराज झाला, जपानी वृत्तपत्रांनी जादा अंक काढले आणि इचिरोने यात फार रस घेतला नाही. जपानी लीगमधला पिचर अमेरिकेतल्या पिचरच्या तोडीचा की नाही, हे हिट्सची बेरीज करून सुटणारं कोडं नाही, असं माझं मत आहे. म्हणून शेवटच्या तक्त्यात दोन रकाने आहेत, जपानचा १,२७८ आणि अमेरिकेचा ३,०८९, आणि बेरजेचा तिसरा रकाना छापलेला नाही.